पोलिसाच्या हातातले यंत्र काय मोजते?

गाडी थांबवली गेली की चालकांच्या तोंडी ठरलेली वाक्ये येतात. 'मी साठनेच चाललो होतो.' 'पुढचा माझ्यापेक्षा जोरात होता, त्याला सोडलंत.' 'एकच बिअर घेतली, तीही जेवणाआधी.' आणि शेवटी, आवाज चढला की, 'तुमचं मशीनच खराब आहे.' पहिली तीन वाक्ये पोलीस दिवसभर ऐकतो, त्यामुळे ती त्याच्या कानांवरून जातात. चौथ्या वाक्यात तथ्य असू शकते. यंत्र चुकते. पण ते कधी, किती आणि कुणाच्या बाजूने चुकते हे सांगता आले नाही तर ते वाक्य नुसती चिडचिड ठरते. म्हणून आज बोलायचे ते दोन आकड्यांबद्दल, वेगाचा आणि श्वासाचा. रस्त्याकडेच्या बहुतेक भांडणांच्या मुळाशी यांपैकी एक असतो.

त्याआधी थांबण्याविषयी थोडेसे. थांबवणे दोन तऱ्हेचे असते. एक, तुमच्या गाडीत किंवा चालवण्यात काही दिसले म्हणून. दुसरे, नाकाबंदी; तिथे ठरलेल्या क्रमाने सगळ्यांनाच थांबवतात. कायद्याच्या नजरेत हा फरक मोठा आहे, पण तो देशागणिक बदलतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये डेलावेअर विरुद्ध प्राउज या खटल्यात सांगितले की काही संशय नसताना मनात आले म्हणून एखादी गाडी बाजूला घेता येणार नाही. १९९० मध्ये त्याच न्यायालयाने मिशिगनच्या खटल्यात दारू तपासणीची नाकाबंदी मात्र वैध ठरवली. ब्रिटनमध्ये १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याचे कलम १६३ गणवेशातल्या पोलिसाला सरळ थांबवण्याचा अधिकार देते, कारण असो वा नसो. त्यामुळे परक्या देशात गाडी चालवताना गावाकडची सवय कामाला येईलच असे नाही. उतरून पोलिसाकडे चालत जाणे काही ठिकाणी अदब समजली जाते. अमेरिकेत तेच धोक्याचे लक्षण मानतात. तिथे गाडीतच बसून राहायचे आणि उतरायला सांगितले तर उतरायचे.

सगळीकडे चालते ते एवढेच: इशारा दिसला की लगेच इंडिकेटर द्या, म्हणजे तुम्ही पाहिलेय हे मागच्याला कळते. करकचून ब्रेक मारू नका. वळण आणि पुलाचा कठडा टाळून, गाडी पूर्ण कडेला येईल अशा जागी थांबा. इंजिन बंद करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, काच खाली घ्या, हात स्टिअरिंगवर दिसू द्या. कागद डॅशबोर्डच्या खणात असतील तर 'खणातून काढतो' असे बोलून मगच हात घाला. खिडकीशी येणाऱ्या माणसाला पहिली काळजी तुमच्या हातांची असते, तुमच्या लायसन्सची नव्हे.

आता वेग. जुन्या पद्धतीची स्पीडगन म्हणजे रडार. ती रेडिओलहर सोडते, गाडीवर आपटून परत आलेली लहर पकडते आणि दोन्हींच्या वारंवारतेतला फरक मोजते. हाच तो डॉप्लर परिणाम, ख्रिस्तियान डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलेला. २४.१५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या गनमध्ये ताशी एक किलोमीटर वेगाला सुमारे ४४.७ हर्ट्झचा फरक पडतो. म्हणजे ५० च्या वेगाला साधारण २,२३७ हर्ट्झ. ही वारंवारता आपल्या कानाला ऐकू येते! म्हणून अनेक गनमध्ये स्पीकर असतो. एकाच गाडीचा वेग पकडलेला असेल तर स्वच्छ, एकसुरी शीळ येते. दोन-तीन गाड्यांच्या लहरी मिसळल्या असतील तर खरखर. चांगला चालवणारा आकडा पाहण्याआधी शीळ ऐकतो.

याच गणितामुळे रडारची तपासणी नादकाट्याने करता येते. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच. २,२३७ हर्ट्झचा नादकाटा लाकडावर किंवा बुटाच्या टाचेवर आपटून गनसमोर धरला की पडद्यावर ५० आले पाहिजे. धातूवर आपटला तर काट्याला टवका उडतो, वारंवारता बदलते आणि तपासणीच खोटी ठरते. काट्यावर त्याचा वेग आणि तो वारंवारतेच्या कुठल्या पट्ट्यातल्या गनसाठी आहे हे कोरलेले असते, कारण १०.५२५ गिगाहर्ट्झच्या गनला ५० दाखवायला वेगळा काटा लागतो. तेव्हा 'यंत्र बरोबर आहे का' असे मोघम विचारू नका. 'आज पाळी सुरू होताना काट्याने तपासले का, आणि नोंद कुठे आहे' असे विचारा. याला हो किंवा नाही असेच उत्तर येते.

रडारची खरी अडचण तिचा झोत. तो टॉर्चसारखा पसरतो. बारा अंशांचा झोत ३०० मीटरवर साठ मीटरहून रुंद होतो, म्हणजे सगळ्या लेन त्यात आल्या. गनला त्यातली कुठली गाडी दिसते? जिच्याकडून सर्वांत जोरदार परावर्तन येते ती. जवळची छोटी कार आणि तिच्यामागे भरधाव आलेला ट्रक असेल तर आकडा ट्रकचा असू शकतो आणि थांबवली जाते कार. म्हणून प्रशिक्षणात क्रम शिकवतात: आधी डोळ्यांनी 'ही गाडी जोरात आहे' असा अंदाज, मग गनचा आकडा, मग शीळ, आणि तिन्ही जुळले तरच कारवाई. आकडा आधी आणि गाडी नंतर शोधली तर गडबड ठरलेली. तुमच्या शेजारून कोण चालले होते, मागे मोठे वाहन होते का, हे थांबल्याबरोबर लिहून ठेवण्यासारखे. अर्ध्या तासाने ते आठवत नाही; जे आठवते ते आपल्या सोयीचे असते.

कोनाचा मुद्दा चालक हमखास उलटा सांगतात. 'तो बाजूला तिरपा उभा होता, म्हणून आकडा जास्त आला,' असे म्हणतात. उभ्या गनच्या बाबतीत घडते बरोबर याच्या विरुद्ध. गन रस्त्याशी कोन करत असेल तर ती वेगाला त्या कोनाच्या कोसाइनने गुणून येणारा आकडा मोजते, म्हणजे कमीच. ताशी १०० ची गाडी दहा अंशांवर ९८.५ दिसते, वीस अंशांवर ९४, तीस अंशांवर साडेशहाऐंशी. तिरपे उभे राहणे हा तुमचा फायदा आहे, त्यावर हरकत घेऊन उपयोग नाही.

गन चालत्या पोलीस गाडीत असेल तर मात्र पारडे फिरते. तिथे यंत्र दोन वेग मोजते: समोरून येणाऱ्या गाडीशी जवळ येण्याचा, आणि रस्त्यावरून परतणाऱ्या लहरीवरून स्वतःच्या गाडीचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की तुमचा वेग. आता दुसरा कमी मोजला गेला तर? पोलीस गाडी ६० ने, तुम्हीही ६० ने. जवळ येण्याचा वेग १२०. यंत्राने स्वतःला ५७ धरले की तुम्ही ६३. एवढा फरक डोळ्यांत भरत नाही, म्हणून तो जास्त वाईट. पोलीस गाडीच्या पुढे हळू ट्रक असेल आणि यंत्राने रस्त्याऐवजी त्या ट्रकचीच लहर धरली तर चूक फार मोठी होते, पण ती पकडायलाही सोपी: पडद्यावरचा स्वतःचा वेग आणि डॅशबोर्डवरचा काटा यांची त्याच क्षणी तुलना करायची. ही तुलना केली होती का, हा चालत्या गनच्या प्रकरणातला सर्वांत नेमका प्रश्न. याखेरीज पोलीस गाडीचाच पंखा, वायरलेस सेट, जवळची वीजवाहिनी यांच्यामुळेही खोटे आकडे येतात. १९७९ मध्ये मायामीत एका दूरचित्रवाणी वाहिनीने रडार गनवर ताशी ८६ मैलांनी धावणारे ताडाचे झाड दाखवले होते आणि ते प्रकरण न्यायालयात खूप गाजले. नंतरची यंत्रे पुष्कळ सुधारली आहेत. सगळा दोष रडारवर टाकायचा तर ते झाड कायम पुढे करता येणार नाही.

लेझर गनचा, म्हणजे लायडरचा, हिशेब वेगळा. ती प्रकाशाचे स्पंद सोडते आणि जाऊन येण्याचा वेळ मोजते. ३०० मीटरला जाऊन यायला दोन मायक्रोसेकंद. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात असे अनेक स्पंद, त्यांतून अंतर कसे बदलले ते कळते आणि त्यावरून वेग निघतो. झोत तीन मिलिरेडियनचा असला तर ३०० मीटरवर जेमतेम नव्वद सेंटिमीटर रुंद. म्हणून 'शेजारच्या लेनचा वेग माझ्यावर टाकला' ही तक्रार लायडरबाबत सहसा टिकत नाही. तिचे दुखणे म्हणजे हात. नेम समोरच्या काचेवर धरलेला असताना मोजणीदरम्यान घसरून नंबरप्लेटवर आला, तर यंत्राला वाटते की गाडी तेवढी जास्त जवळ आली. ०.३ सेकंदात एक मीटर घसरण म्हणजे ताशी बारा किलोमीटरची भर! विस्कळीत मोजमाप यंत्र स्वतःच फेटाळते. संथ, सरळ घसरण मात्र त्याच्या नजरेतून सुटू शकते. गन तिपाईवर होती की हातात, आणि अंतर किती नोंदले गेले, एवढे विचारा. हातातल्या गनसाठी दूरचे अंतर म्हणजे जास्त हलणारा नेम.

आणि 'माझ्या मीटरवर तर साठच होते' याचे काय? हे वाक्य बहुधा चालकावरच उलटते. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ नुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचे नाही. जास्त दाखवायची मुभा आहे, खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत. म्हणजे मीटरवर ६० असताना खरा वेग ५१ ते ६० च्या दरम्यान कुठेही. कंपनीच्या मापाचे टायर असतील तर मीटर तुम्हाला आधीच सवलत देत असते. अपवाद मोठे टायर बसवणाऱ्यांचा. टायरचा व्यास पाच टक्के वाढला की खरा वेगही मीटरपेक्षा त्याच प्रमाणात वर सरकतो, आणि ही चूक चालकाने पैसे मोजून विकत घेतलेली असते.

श्वासाकडे वळू. ब्रेथ अॅनालायझर रक्त पाहत नाही. फुप्फुसाच्या खोल भागातल्या हवेत किती अल्कोहोल आहे ते पाहतो आणि २१०० ने गुणतो, कारण एक मिलिलिटर रक्तात जेवढे अल्कोहोल तेवढे साधारण २१०० मिलिलिटर श्वासात असते असे धरले आहे. ब्रिटनने हेच गुणोत्तर २३०० धरले. हा आकडा माणसागणिक बदलतो, त्यामुळे मर्यादेच्या आसपासचा निकाल हा अंदाज असतो. दुप्पट-तिप्पट निकालावर मात्र गुणोत्तराचा वाद घालण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतल्या इंडियानात रॉबर्ट बोर्केनस्टाइनने १९५४ मध्ये बनवलेल्या यंत्रात पोटॅशियम डायक्रोमेटचे पिवळे द्रावण श्वासातल्या अल्कोहोलने फिके होई. आजच्या हातातल्या यंत्रात फ्युएल सेल असतो: प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर अल्कोहोलचे अॅसिटिक आम्ल होते आणि त्यातून निघणारा विद्युतप्रवाह मोजला जातो. त्यामुळे मधुमेहाच्या किंवा उपाशी माणसाच्या श्वासातले अॅसिटोन त्याला फसवत नाही. किरकोळ विक्रीतल्या स्वस्त, सेमीकंडक्टरवाल्या यंत्रांना ते फसवते. घरी तसे यंत्र ठेवून 'शून्य आलं होतं' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

फसवते ते तोंडातले अल्कोहोल. नुकताच घेतलेला घोट, माउथवॉश, खोकल्याचे काही औषध, ढेकरेबरोबर वर आलेले पोटातले. यंत्र त्यालाही २१०० ने गुणते आणि भलताच आकडा येतो. पंधरा मिनिटांत ते बहुतांशी उडून जाते, म्हणून योग्य पद्धत अशी: पंधरा मिनिटे थांबायचे, त्या काळात खाणे-पिणे-धूम्रपान नाही, ढेकर किंवा उलटी झाली तर वेळ पुन्हा मोजायचा. नवीन नळी पाकिटातून तुमच्यासमोर काढली पाहिजे. आधी यंत्र मोकळ्या हवेवर शून्य दाखवते का ते पाहा. हाताला लावलेले सॅनिटायझर ओले असेल तर नळी धरू नका. तोंडातून आलेला आकडा दुसऱ्या चाचणीत झपाट्याने उतरतो, रक्तातून आलेला तसा उतरत नाही. म्हणून दुसरी चाचणी मागणे शहाणपणाचे.

फुंकताना लबाडी करणारे स्वतःचेच नुकसान करून घेतात. सुरुवातीची हवा घशातली आणि श्वासनळ्यांमधली असते, तिच्यात अल्कोहोल कमी. म्हणून यंत्राला सलग काही सेकंद फुंक लागते आणि अर्धवट फुंक ते मोजतच नाही. श्वास रोखून धरून मग फुंकल्यास आकडा वाढतो, कारण कोंडलेली हवा तापते आणि रक्ताशी जास्त वेळ राहते. श्वासाचे तापमान एक अंशाने वाढले तरी निकाल सहा-सात टक्क्यांनी वर जातो. ताप असलेल्या माणसाने हे आधीच सांगून नोंदवून घ्यावे.

सर्वांत जास्त चकित होतात ते सकाळी सापडणारे. यकृत ताशी साधारण पंधरा मिलिग्रॅम या चालीने रक्तातले अल्कोहोल उतरवते, प्रति शंभर मिलिलिटर रक्तामागे. कुणाचे दहा, कुणाचे वीस. कॉफी, आंघोळ, लिंबूपाणी यांनी ही चाल वाढत नाही. मध्यरात्री १५० असलेला माणूस सात तास गाढ झोपला तर सातला त्याच्याकडे १०५ कमी होऊन ४५ उरतात. ब्रिटनने १९६७ मध्ये आखलेल्या ८० च्या रेषेखाली तो बसतो, स्कॉटलंडने २०१४ मध्ये आणलेल्या ५० च्या रेषेखालीही काठाकाठाने. भारतातली रेषा ३० ची आहे. तिथे त्याला आठपर्यंत तरी किल्ली हातात घेता येत नाही.