लांडग्याच्या पायाखालची जमीन

(दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, विषय बिबट्याचा असता तर मुंबईत प्रस्तावनेची गरज पडली नसती. बोरिवलीच्या उद्यानामुळे तो आपल्या ओळखीचा झाला आहे. लांडगा मात्र 'लांडगा आला रे आला' यापलीकडे आपल्याला भेटत नाही, आणि पुण्याहून सोलापूरकडे जाताना दिसणारी ती उजाड माळराने हेच त्याचे घर आहे, हे तर आपल्या गावीही नसते.

इंग्रजी अमदानीत लांडगा मारणाऱ्याला बक्षीस मिळे. १८७५ ते १९२५ या काळात सुमारे २ लाख लांडगे मारले गेले असावेत, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा अंदाज आहे. आज देशात उरले आहेत ते ३ हजारांच्या आसपास. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने त्याला थेट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवले. तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे किंवा बरा होण्यापलीकडे गेला आहे, अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री पटल्याखेरीज त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही. मेंढरे खाल्ली, एवढे कारण पुरत नाही.

अमेरिकेत यलोस्टोन उद्यानातले शेवटचे लांडगे १९२६मध्ये मारले गेले आणि १९९५-९६मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून तिथे सोडण्यात आले, ही हकिगत अनेकांना ठाऊक असेल. तिच्यामागचा कायदा मला अधिक बोलका वाटतो. धोक्यातल्या प्रजातींना जपणाऱ्या तिथल्या कायद्यात १९८२मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा, पुन्हा आणून सोडलेल्या कळपांना 'प्रायोगिक' ठरवण्याची मुभा दिली, त्यामुळे आपल्या जमिनीवर गुरांवर हल्ला करताना सापडलेला लांडगा पशुपालकाला मारता येई. संरक्षण जाणूनबुजून सैल केले गेले. १९९७मध्ये एका न्यायाधीशांनी हे बेकायदा ठरवून लांडगे हलवण्याचा आदेश दिला, तो २०००मध्ये अपिलात रद्द झाला. ही तडजोड मला रुचत नाही. पण तिच्यावाचून लांडगे परतले असते, असेही मला वाटत नाही.

आपल्याकडे कायदा कडक आहे, पण तो लांडग्याच्या कातडीपुरता. माळरान महसुली दप्तरात 'पडीक' ठरते आणि मग तिथे प्लॉट पडतात, किंवा पुण्यकर्म म्हणून झाडे लावली जातात, जी गवताच्या मुळावर येतात. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक पक्ष्यांचे अभयारण्य, जिथे लांडगेही नांदतात, १९७९मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचे जाहीर झाले होते. ते पुढे १,२२२वर आले. मूळ हद्दीत अख्खी गावेच्या गावे होती, त्यामुळे ती आखडणे अटळ होते, हे मान्य करायला हवे.

उरतो तो धनगर. रात्री वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून, कुत्री राखणीला ठेवून तो मेंढरे सांभाळतो. कोकरू गेले तर भरपाईसाठी पंचनामा हवा, आणि पंचनाम्याला माणूस येईपर्यंत मेंढरांचा वाडा पुढच्या मुक्कामी गेलेला असतो. तरीही अनेक मेंढके लांडग्याच्या वाट्याला जात नाहीत.

आता नवे संकट भटक्या कुत्र्यांचे आहे. त्यांच्याकडून डिस्टेंपरसारखे रोग येतात. शिवाय महाराष्ट्रात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले आहे. अनुसूचीत नाव आहे ते भारतीय लांडग्याचे. संकरित पिल्लाला त्या नावाखाली धरायचे की नाही, हा प्रश्न उद्या एखाद्या वनरक्षकापुढे माळावरच उभा राहील, आणि कुत्र्यांची नसबंदी करण्याची जबाबदारी तर वनखात्याची नसून स्थानिक संस्थांची आहे.