शार्लटची मागची खोली

नमस्कार मंडळी. आज मला शार्लट लुकसबद्दल बोलायचंय. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' आली १८१३ साली, आणि ती वाचलेल्या कुणालाही विचारा, एलिझाबेथ आणि डार्सी आठवतात, पण माझा जीव अडकतो तो एलिझाबेथच्या या मैत्रिणीत. वय २७, दिसायला साधी, माहेरी पैसाअडका बेताचा, म्हणजे आपल्याकडे जिला घोडनवरी म्हणून मोकळे झाले असते अशी.

कॉलिन्स नावाचा पाद्री आधी एलिझाबेथला मागणी घालतो, आणि मागणी घालतानाच तिला ऐकवतो की तुझ्या वाट्याला हजार पौंड येणार, चार टक्क्यांनी गुंतवलेले, तेही आईच्या पश्चात. करा हिशोब, वर्षाला ४० पौंड! राहतं घरसुद्धा वडिलांनंतर या कॉलिन्सचंच, कारण इस्टेट फक्त पुरुष वारसाला. तरी ती नाही म्हणते. मग तीन दिवसांच्या आत तो शार्लटला विचारतो आणि शार्लट हो म्हणते. तिचे धाकटे भाऊ सुटकेचा श्वास टाकतात, की चला, ताई जन्मभर बिनलग्नाची राहायची नाही आता.

लोक तिला व्यवहारी म्हणतात, मला ते पटत नाही हो. बाईला मानाने पोट भरायला दुसरा रस्ता होता कुठे? लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवायचा पूर्ण हक्क इंग्लंडच्या कायद्याने दिला तो १८८२ साली. आणि खुद्द ऑस्टिनने १८०२ च्या डिसेंबरमध्ये एका पैसेवाल्या स्थळाला संध्याकाळी होकार दिला होता आणि सकाळी मोडला, सत्ताविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता तेव्हा. ती रात्र तिने कशी काढली असेल!

पुढे एलिझाबेथ शार्लटच्या घरी राहायला जाते. पुढच्या बाजूला चांगली मोठी, हवेशीर खोली असताना शार्लट बसते मागच्या खोलीत, एलिझाबेथला आधी नवल वाटतं आणि मग कळतं, की पुढची खोली रस्त्याकडची, नवऱ्याच्या अभ्यासिकेसारखीच, तिथे ही बसली असती तर तो सारखा येऊन बसला असता. नवऱ्याला बागकामाचा नाद, त्यालाही ती खतपाणी घालते, तेवढाच तो घराबाहेर.

एलिझाबेथ निघते तेव्हा ऑस्टिन लिहिते, की घर, संसार, कोंबड्या, या सगळ्याचं शार्लटला वाटणारं अप्रूप अजून गेलेलं नव्हतं. मी दरवेळी त्या 'अजून'पाशी थांबते.