अक्कादेवी: राजे बदलले, कारभारीण तीच

कर्नाटकात गदग जिल्ह्यातलं हे सुडी गाव. इथल्या शिलालेखांत एका बाईचं नाव पुन्हा पुन्हा भेटतं: अक्कादेवी. कल्याणीच्या चालुक्यांची लेक. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या उमरग्याच्या शेजारचं.

आजोबा तैलप दुसरा. राष्ट्रकूटांना बाजूला सारून ९७३ मध्ये त्यानं चालुक्यांची गादी पुन्हा मांडली. वडील दशवर्मा, आई भागलदेवी. दशवर्म्याला राज्य मिळालं नाही. मिळालं ते मुलांना. आधी विक्रमादित्य पाचवा, थोडा काळ अय्यण, मग जयसिंह. तिघेही अक्कादेवीचे भाऊ. मिरजेचा १०२४ चा ताम्रपट आहे, तो याच जयसिंहाचा.

१०१० च्या सुमारास किसुकाड सत्तरचा, म्हणजे पट्टदकलच्या परिसरातल्या सत्तर गावांचा कारभार अक्कादेवीकडे होता. राजाची बहीण म्हणून नावापुरतं मिळालेलं हे पद असेल, असं वाटू शकतं. पण लेख पुढे वाचत जा. १०२२ मध्ये बदामीजवळच्या बेलूरला (होयसळांचं बेलूर वेगळं) तिनं पाचशे विद्यार्थ्यांच्या अन्नवस्त्राची तजवीज केली. पुढे हनगलच्या कदंब घराण्याबरोबर बनवासीचा मोठा मुलूखही सांभाळला.

आणि १०४७ साली ती थेट गोकागेच्या, म्हणजे आजच्या गोकाकच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेली दिसते. त्याच तळावरून तिनं विक्रमपूरच्या जैन बसदीला, म्हणजे मंदिराला, दान दिलं. लेख तिला रणातली भैरवी म्हणतात. प्रशस्ती लिहिणारे हात सैल सोडूनच लिहितात, हे खरं; पण वेढा काही प्रशस्तीतला अलंकार नव्हे.

तोवर गादीवर भाचा सोमेश्वर आला होता, आणि दक्षिणेतून चोळ. राजाधिराज चोळानं कल्याणी लुटली, तिथली द्वारपालाची मूर्ती उचलून तमिळ मुलखात नेली. या धामधुमीत सुडीची घडीही विस्कटली. गावचा व्यवहार आठ शेट्टी आणि ऐंशी घराणी पाहत. त्यांचे हक्क सांगणारी सनद चोळांच्या युद्धात गेली होती. १०५० मध्ये अक्कादेवीनं त्यांना ती नव्यानं करून दिली. कोणाचा हक्क काय, हे पुन्हा लेखी आलं.

मला विचाराल तर गोकाकच्या वेढ्यापेक्षा ही सनद मोठी. लढाया भावांनीही केल्या. पण एवढ्या मोडतोडीनंतर गावकीचा कारभार पुन्हा सुरू करून द्यायला पिढ्यांची माहिती लागते, आणि ती अक्कादेवीजवळ होती. चाळीस वर्षांत चार राजे झाले. किसुकाडात तिचा शब्द चालत राहिला.

मुलगा तोयिमदेव. १०६० नंतरच्या दशकात बनवासीचा कारभार त्याच्याकडे आलेला दिसतो.