तीन सेकंदांची चाल

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय तात्सुया नाकादाई या जपानी नटाविषयी. नाव कानाला नवं आहे, म्हणून पुन्हा सांगतो: तात्सुया नाकादाई. जन्म टोकियोत, १९३२ सालचा.

किस्सा आधी, बाकीचं मागून. 'सेव्हन सामुराई' या जपानी चित्रपटाचं शूटिंग चाललेलं. नाकादाई तेव्हा हाइयुझा या नाटक मंडळीच्या शाळेत शिकणारा पोरगा. काम काय, तर कमरेला तलवार लावून रस्त्यानं चालत जायचं. संवाद नाही, काही नाही. पण दिग्दर्शक कोण? अकिरा कुरोसावा! सकाळी नऊला पोरगा चालला. पुन्हा. चालला. पुन्हा! तलवारीचं वजन पेलत, कंबर खाली ठेवून चालावं, ते याला जमेना. सगळे खोळंबलेले, आणि हा आपला चालतोय. दुपारी तीनला एकदाचं 'ठीक' झालं. पडद्यावर ही चाल दोन-तीन सेकंदांची. खोकला आला तर चुकेल!

आपल्या मालिकांतले मावळे बघा, गडावर असे चालतात जणू भाजी आणायला निघालेत. असो.

पोरगा चिडला. या माणसाकडे पुन्हा काम करायचं नाही, ठरलं. पुढे 'योजिम्बो'साठी बोलावणं आलं, तर यानं चक्क नकार दिला. कुरोसावांनी सांगितलं, ती चाल लक्षात आहे म्हणूनच तर तुला बोलावतोय. मग १९६१ साली गळ्यात मफलर आणि हातात पिस्तूल घेऊन तो चित्रपटाचा नायक तोशिरो मिफुनेसमोर उभा राहिला.

दिग्दर्शक मासाकी कोबायाशींकडे त्यानं नऊ तासांहून मोठी 'ह्यूमन कंडिशन' ही चित्रपटमालिका केली, 'हाराकिरी' केला. कुठल्या एका स्टुडिओला बांधून घेतलं नाही, कारण नाटक सोडायचं नव्हतं. १९७५ साली पत्नीसोबत 'मुमेइजुकु' काढली, म्हणजे बिननावाच्यांची शाळा. नटाला रंगभूमीच घडवते, कॅमेरा नुसता टिपतो, हे माझं जुनं मत. नाकादाई गेले २०२५च्या नोव्हेंबरात, ९२व्या वर्षी.

पण मला आठवतो तो कुरोसावांचाच १९८५चा चित्रपट, 'रान'. पन्नाशीतल्या नाकादाईंनी सत्तरीचा राजा केला. फुजी पर्वताच्या उतारावर बांधलेला किल्ला खरोखरच पेटवला होता, खरोखरच. मागे ज्वाळा, हातात तलवारीचं रिकामं म्यान, आणि म्हातारा एकटा पायऱ्या उतरतोय. पुन्हा तीच, चालायचीच परीक्षा. फक्त या खेपेला 'पुन्हा' म्हणायची सोय नव्हती. किल्ला एकच होता.