३७ व्या वर्षीचा 'नवा कलाकार'

मंडळी, संक्रांतीच्या कार्यक्रमात नॅशव्हिलच्या एका दाढीवाल्या कंट्री (म्हणजे अमेरिकन गावरान संगीताच्या) गायकावर बोलणार म्हटल्यावर आपल्या सांस्कृतिक समितीचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. पण अध्यक्षांनी माझं नाव आधीच छापलं होतं, त्यामुळे आता तुमचा नाइलाज आहे.

क्रिस स्टेपलटन. केंटकीतल्या कोळसा खाणींच्या मुलखातला. वडील खाणीत इंजिनियर. (बघा, निम्मं सभागृह सावरून बसलं!) १९९६ मध्ये हा नॅशव्हिलला आला, तोही व्हँडरबिल्ट विद्यापीठात इंजिनियरिंग करायलाच. आणि सोडून दिलं. २००१ मध्ये परत आला, तो गाण्यांसाठी.

ही माहिती मला कन्येने पुरवली, जेवणाच्या टेबलावर. ती दुसऱ्या वर्षाला आहे, गाणी लिहिते, आणि आता कॉलेज थांबवायचं म्हणते. माझा आवाज चढला. ती म्हणाली, "बाबा, ज्याला तुम्ही रोज गाडीत ऐकता, तो तुमचा मुलगा असता तर गाऊ दिलं असतंत?" हिने न बोलता मला आमटी वाढली. कोणाच्या बाजूने, ते कळलं नाही.

ऐकतो मी, खरंय. २०१५ चा 'ट्रॅव्हलर', त्याच्या एकट्याच्या नावावरचा पहिला अल्बम. वडील गेल्यावर बायकोने त्याला १९७९ ची जुनी जीप घेऊन दिली. फीनिक्सहून नॅशव्हिलला ती चालवत आणताना त्याला शीर्षकगीत सुचलं. वाद्यं बेताची, आवाजाला भरपूर मोकळी जागा, मागे बायकोचा, मॉर्गेनचा, सूर. एक गाणं प्रार्थना थांबलेल्या वडिलांचं आहे. ते लागलं की मला हायवेवर काकड आरतीला निघालेले अण्णा दिसतात. तुमच्यापैकी कोणाला कोण दिसेल, मी विचारत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सीएमएचे, म्हणजे कंट्री संगीताच्या संघटनेचे, तीन पुरस्कार मिळाले, त्यातला एक 'नवा कलाकार' म्हणून. वय ३७! आपल्यात त्या वयाला घराचा हप्ता आणि गुडघा, दोन्ही सुरू झालेले असतात.

गणपतीत मुलं गायली की आपण व्हिडिओ आजीला पाठवतो. तेच मूल "हेच करीन" म्हणालं की पॉटलकला त्याचा विषय टाळतो. मीही टाळला, मागच्याच आठवड्यात.

पण २००१ ते २०१५ मध्ये त्याने इतरांसाठी गाणी लिहून पोट भरलं. केनी चेस्नीसारख्या नावाजलेल्या कंट्री गायकाने त्याचं गाणं गायलं. ज्यांचं एकही गाणं कोणी घेतलं नाही, ते मी गाडीत ऐकत नाही. त्यांचे अल्बमच नाहीत. हे मुलीला सांगायला हवं ना? की ही फक्त माझी भीती आहे? बायकोला विचारलं, तर म्हणते, तुझं तू ठरव. फी शुक्रवारपर्यंत भरायची आहे.