आधी हात मोजा, मग नाव ठेवा

मंडळी, तर्री-पोहे आटोपले असतील तर बसून घ्या. आपल्या नागपूरहून निघणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, आणि तो संपतो तिथंही समुद्र दिसत नाही. अशा गावात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याला शेजारी जे म्हणतात, ते मी बारा वर्षं ऐकतो आहे.

आजचा विषय सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ. दुकानात जे काही मऊ, लिबलिबीत दिसेल ते सॉफ्ट कोरल म्हणून पिशवीत बांधून देतात. घोळ तिथूनच सुरू होतो. म्हणून भिंग घ्या, पॉलिप, म्हणजे कोरलमधला एकेक चिमुकला जीव, पूर्ण उघडू द्या आणि त्याचे हात मोजा. खऱ्या सॉफ्ट कोरलच्या पॉलिपला हात आठच, आणि प्रत्येक हाताला दोन्ही बाजूंनी बारीक झालर, अगदी चिंचेच्या पाल्यासारखी. झोअँथसच्या, म्हणजे आपल्या 'झोआ'च्या, चकतीभोवती गुळगुळीत हातांची दाट किनार असते, आठाच्या कितीतरी पुढं. 'मशरूम' म्हणून मिळतं ते डिस्कोसोमा. झोआ काय, मशरूम काय, दोघंही सी-अ‍ॅनिमोनच्या गोतावळ्यातले.

फरक काय पडतो, असं कोणीतरी विचारणारच. झोआ आणि त्याचा चुलतभाऊ पॅलिथोआ यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. हवाईतल्या पॅलिथोआपासून ते १९७१ साली वेगळं काढलं गेलं. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी ते एक. दगड साफ करायचा म्हणून त्यावर उकळतं पाणी ओतू नका. ती वाफ श्वासात गेल्यानं माणसं दवाखान्यात पोचलेली आहेत. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि कापाकापी शक्यतो नकोच.

आता आठ हातवाल्यांकडे. देठ आणि वर पसरलेली छत्री दिसली की बहुधा सार्कोफायटन. त्याच्या छत्रीवर भिंग धरा. हात असलेले मोठे पॉलिप दिसतील आणि त्यांच्या मधल्या जागेत बारीक ठिपके. ते ठिपकेही पॉलिपच आहेत. शरीरात पाणी खेळतं ठेवणं हे त्यांचं काम. सिन्युलॅरियात हे ठिपके नसतात, सगळे पॉलिप एकसारखे, आणि अंग बोटांच्या जुडग्यासारखं. यापुढं, जातीपर्यंत जायचं तर तुकडा ब्लीचमध्ये विरघळवून आत उरलेल्या चुन्याच्या सूक्ष्म काड्या सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात. तेव्हा दुकानदार जातीसकट नाव सांगायला लागला की मान डोलवा आणि गप्प बसा.

सार्कोफायटनवरून माझी एक गोष्ट. पहिल्या वर्षी माझ्याकडे हाताच्या पंजाएवढं एक होतं. एका सकाळी त्यानं सगळे पॉलिप आत ओढले, छत्री चामड्यासारखी झाली, वर दुधाच्या सायीसारखा चकचकीत पापुद्रा. चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी मेलं म्हणून बाहेर काढून फेकलं. नंतर कळलं की ते कात टाकत होतं! अंगावर साचलेलं शेवाळ, घाण असं पापुद्र्यासकट झटकतं, आणि त्याला आठवडाही लागू शकतो. अशा वेळी पाण्याचा प्रवाह जरा वाढवायचा, थेट झोत न मारता, की पापुद्रा सुटून जातो. मेलेलं कोरल लिबलिबीत होतं, सडतं, नाकाला कळतं. माझ्या त्या कोरलला काहीही वास नव्हता. मी हुंगलंच नव्हतं.

पाण्याचे आकडे भराभर सांगतो. खारटपणा हजारी ३५, तापमान २४ ते २७, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) ८-९ डीकेएच या मापात, नायट्रेट थोडं असलेलं चालतं, कारण अगदी निर्मळ पाण्यात ही मंडळी उलट खंगतात. उजेड मध्यम.

खरा प्रश्न आपला मे महिना. समजा टाकीत २०० लिटर पाणी आहे, म्हणजे सुमारे ७ किलो मीठ. पाणी थंड राहावं म्हणून टाकीवर पंखा लावला, बाहेर ४५ अंश, कोरडी हवा, आणि २० लिटर पाणी उडालं. मीठ कुठंच गेलं नाही. १८० लिटरात तेच ७ किलो, म्हणजे हजारी ३९ च्या आसपास. वर खारं पाणी ओतलंत तर संपलंच. रोज गोडं पाणीच घालायचं, तेही आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार जवळजवळ सगळे काढलेलं. घरातल्या प्यायच्या आरओत बऱ्याचदा चव यावी म्हणून क्षार परत मिसळलेले असतात. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावून बघा. आणि टाकीवरच्या पंख्याची गंमत अशी की खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल तर हवा ओली होते आणि पंख्याचा परिणाम घटतो.

सॉफ्ट कोरल दिसायला गरीब. आत मात्र टर्पिनॉइड रसायनं बाळगून असतात आणि ती पाण्यात सोडून शेजाऱ्याला दडपतात. सार्कोफायटन आणि हार्ड कोरल, म्हणजे चुन्याचा टणक सांगाडा बांधणारं प्रवाळ, एका टाकीत असतील तर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लावा आणि ठरावीक काळानं बदला.

पण हार्ड कोरल मुळात आणायचंच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सगळे हार्ड कोरल आणि सी-फॅन संरक्षित आहेत. यात एक खोच आहे. सी-फॅनलाही आठच हात! ऑर्गन पाइप कोरललाही आठ, आणि तेही संरक्षित. उघडे पॉलिप बघून ते ग्रीन स्टार पॉलिप, म्हणजे दुकानातलं एक साधं सॉफ्ट कोरल, वाटू शकतं. खाली बघा. जांभळी, चिवट चटई असेल तर ग्रीन स्टार. विटकरी लाल नळ्या उभ्या रचलेल्या दिसल्या तर दुकानातून निघा.

झेनिया या आणखी एका सॉफ्ट कोरलचं सांगायचं राहिलं. ती सतत मुठी उघडते-मिटते. २०१३ च्या एका संशोधनात दिसलं की त्या हालचालीनं प्रकाशसंश्लेषणात तयार झालेला ऑक्सिजन झटकला जातो आणि तिच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण वाढतं. एकदा रुजली की मात्र गाजरगवतासारखी पसरते. वेगळ्या दगडावर ठेवा.

बाहेर पोह्यांच्या टेबलाशेजारी माझी छोटी टाकी आहे, दोन भिंगं तिथंच बांधली आहेत. उजवीकडच्या दगडावर काय आहे ते मोजून मला सांगा. आणि तर्रीचे हात पाण्यात घालू नका.