ऐंशी टक्के कशाचे?

नमस्कार. विषय फलकावर लिहिलेलाच आहे: मॅश एफिशियन्सी, म्हणजे माल्टमधून मिळू शकणाऱ्या साखरेपैकी किती टक्के पदरात पडते ते, आणि ठरवलेली ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, गाठणं. इथे बसलेल्या बहुतेकांनी घरी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भरडलाय, गरम पाण्यात मुरवून मॅश केलाय आणि निदान एक हायड्रोमीटर, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायची काचेची नळी, फोडलाय, त्यामुळे बिअर म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. ज्यांचा अजून फुटलेला नाही त्यांनी आत्ताच दुसरा आणून ठेवा. (हशा) एफिशियन्सी कमी का येते याची पाच कारणं सांगेन, असं मी संयोजकांना कबूल केलंय. सांगणार आहे. पण त्याआधी एक जुनं भांडण उकरून काढायचंय.

घरी बिअर करणारे दोघं भेटले की तिसऱ्या वाक्याला प्रश्न ठरलेला. "तुमची एफिशियन्सी किती येते?" समोरचा म्हणतो, ऐंशी. मग विचारणारा हळूच म्हणतो, माझी ब्याऐंशी. "ऐंशी टक्के कशाचे?" हे मात्र कोणी विचारत नाही. मॅशमधून केटलमध्ये, म्हणजे उकळायच्या भांड्यात, उतरलेल्या वॉर्टचे, म्हणजे माल्टच्या गोड पाण्याचे, की शेवटी फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, पडलेल्या वॉर्टचे? त्याच माणसाचे, त्याच दिवशीचे, हे दोन आकडे सात-आठ टक्क्यांनी वेगळे येऊ शकतात.

एका गृहस्थांनी मला अगदी शांतपणे सांगितलं होतं, "माझी चौऱ्याण्णव येते." आता चौऱ्याण्णव मोठ्या ब्रूअरीज गाठतात, नाही असं नाही. ज्यांच्याकडे मॅश फिल्टर असतो त्या तर माल्ट अगदी पिठासारखा दळतात, कारण वॉर्ट गाळायला त्यांना टरफलांचा थर लागत नाही, ते काम फिल्टरचं कापड करतं. या गृहस्थांकडे मॅशसाठी कूलर, म्हणजे उष्णता टिकवणारा जाड डबा, होता आणि त्यात खाली जाळी. मी विचारलं, वॉर्ट किती लिटर होतं ते कसं मोजता? म्हणाले, केटलला आतून रेघा आहेत. रेघा कोणी मारल्या? बनवणाऱ्याने. त्या कधी तपासल्या? इथे ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या कुंडलीबद्दल काही बोलले. मग आम्ही एक लिटरचं खात्रीचं माप घेऊन केटलमध्ये गार पाणी ओतत गेलो. केटल जिथे २८ लिटर म्हणत होती तिथे प्रत्यक्षात २७ च्या आसपास होते. शिवाय ते व्हॉल्यूम वाचत होते उकळी फुटल्यावर. पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर गेलं की साधारण ४ टक्के फुगतं. म्हणजे २७ लिटर उकळतं वॉर्ट गार झाल्यावर २६ लिटरच. चौऱ्याण्णवचे सत्त्याऐंशी झाले, आणि एवढं व्हायला मॅशला कोणी हातही लावला नव्हता. सत्त्याऐंशी म्हणजे झकास आकडा. पण गृहस्थ नाराज झाले ते झालेच. बिअर मात्र फार छान होती, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. (हशा)

माझं म्हणणं एवढंच आहे. एफिशियन्सी म्हणजे गुणाकार आहे, ग्रॅव्हिटी गुणिले व्हॉल्यूम. ग्रॅव्हिटीसाठी आपण काचेचं नाजूक उपकरण आणतो, तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत डोळे बारीक करून वाचतो. व्हॉल्यूमसाठी अंदाज. मग आकडा हलला की दोष कोणाला? माल्टला, पाण्याला, गिरणीला.

गणित करून टाकू. ग्रॅव्हिटी १.०५० असेल तर त्यातले ते ५० म्हणजे पॉइंट. शुद्ध साखर १ किलो घेऊन द्रावण बरोबर १ लिटर केलं तर साधारण ३८४ पॉइंट मिळतात. पेल, म्हणजे फिक्या, माल्टचे प्रयोगशाळेत किलोमागे ३०० च्या आसपास निघतात. ५ किलो माल्ट घेतला, म्हणजे आपली कमाल मर्यादा १५०० पॉइंट. उकळीआधी केटलमध्ये २८ लिटर वॉर्ट आहे, १.०४२ चं. बेचाळीस गुणिले अठ्ठावीस, ११७६. भागिले १५००, अठ्ठ्याहत्तर टक्के. आता तास-सव्वा तास उकळलं, साडेतेवीस लिटर उरलं. साखर कुठेही उडून जात नाही. वर्गातली मुलं तेवढीच आहेत, वर्गखोली लहान झाली आहे. ११७६ भागिले २३.५, म्हणजे ५० पॉइंट, १.०५०. केटलमध्ये अजूनही अठ्ठ्याहत्तरच टक्के. पण तळाशी हॉप्स, म्हणजे कडवटपणासाठी घातलेली फुलं, आणि गाळ यांच्यात २ लिटर अडकलं, फर्मेंटरमध्ये साडेएकवीसच गेलं. तिथे १०७५ पॉइंट. एकाहत्तर पूर्णांक सात! मॅश तोच, माणूस तोच. कोणी मला नुसतं "बहात्तर येते" म्हटलं, तर त्याचा मॅश कच्चा आहे की केटलचा नळ उंचावर बसवलाय, हे मला कसं कळणार?

एक गंमत जाता जाता. ही व्हॉल्यूम उकळीची नाहीत, २० अंशांची धरलीत. आणि हायड्रोमीटरही बहुधा २० अंशांना बसवलेला असतो. ६० अंशांच्या वॉर्टमध्ये बुडवला तर तो १६ पॉइंटांनी वगैरे कमी दाखवतो. गरम वॉर्टचं व्हॉल्यूम जास्त भरतं आणि ग्रॅव्हिटी कमी भरते, म्हणजे दोन चुका उलट दिशांना ओढतात, आणि कधीकधी दोन्ही मिळून अगदी पटण्याजोगा आकडा तयार करतात. असे आकडे सगळ्यात वाईट. नमुना झाकून गार करा. उघडा ठेवून गार केला तर पाणी उडून तो घट्ट होतो.

बरं, आता माझी आवडती गोष्ट. वेळ जाणार हे मला माहीत आहे, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलंही मी पाहिलंय.

१७६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात जेम्स बॅव्हरस्टॉक नावाच्या एका तरुण ब्रूअरने हायड्रोमीटर विकत घेतला. हे उपकरण नवीन नव्हतं, दारूवर कर बसवणारे सरकारी लोक ते मद्यार्कासाठी वापरायचेच. पण बिअरच्या वॉर्टमध्ये ते बुडवायचं ही कल्पना ब्रूअरीवाल्यांना भलतीच वाटायची. वॉर्ट चाखून कळतं, अनुभवाने कळतं, तिथे काचपितळेची गरज काय? बॅव्हरस्टॉकच्या वडिलांनाही हे नवं खूळ पसंत नव्हतं, तेव्हा बेट्याने प्रयोग लपूनछपून केले. विचार करा, ब्रूअरीवाल्याचा मुलगा ब्रूअरीत चोरून काय करतोय, तर मोजमाप. (हशा) मग १७७० मध्ये तो आपले निष्कर्ष घेऊन सॅम्युअल व्हिटब्रेडकडे गेला. लंडनच्या पोर्टर, म्हणजे गडद बिअर, करणाऱ्या ब्रूअरीवाल्यांमधला हा अगदी मोठा माणूस. व्हिटब्रेडने त्याला वाटेला लावलं. पुढे साउथवर्कच्या हेन्री थ्रेलने मात्र त्याचं ऐकून घेतलं. हा थ्रेल म्हणजे कोशकार सॅम्युअल जॉन्सनचा स्नेही. थ्रेल गेल्यावर ती ब्रूअरी विकायच्या कामात जॉन्सन स्वतः धावपळ करत होता, पण ती गोष्ट वेगळी, तिच्यात शिरले तर आपण इथेच राहू.

तर १७८४ मध्ये इंग्लंडातल्या हल शहरच्या जॉन रिचर्डसनने आपल्या सॅकॅरोमीटरवरचं, म्हणजे वॉर्टसाठीच्या हायड्रोमीटरवरचं, पुस्तक छापलं, आणि पुढच्याच वर्षी बॅव्हरस्टॉकचंही आलं. रिचर्डसनने फार साधं काम केलं. पिंपभर वॉर्ट पिंपभर पाण्यापेक्षा किती पौंड जड आहे, ते मोजलं. बघा, पिंपभर! व्हॉल्यूम त्याच्या एककातच होतं. त्यातून कळलं काय, तर पोर्टर ज्याच्यावर उभी होती तो ब्राउन माल्ट मापाला स्वस्त, पण त्यातून एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे पाण्यात उतरणारा साखरेचा अंश, पेल माल्टपेक्षा बराच कमी निघतो. हिशोब मांडला तर स्वस्त माल्टच महाग! हळूहळू पोर्टरवाले पेल माल्टकडे सरकले, आणि मग त्यांची पोर्टर काळी होईना. जळक्या साखरेपासून काय काय घालून पाहिलं लोकांनी. शेवटी १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट भाजायचं पेटंट घेतलं, आणि थोडासा काळा माल्ट घालून रंग परत आला. आज आपण स्टाउटमध्ये जो ब्लॅक माल्ट मूठभर घालतो त्याचा उगम हा. माल्टमधून किती निघतंय हे कोणीतरी नीट मोजलं, एवढ्यावरून एका अख्ख्या बिअरची घडण बदलली.

आणि १८८० मध्ये ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून वॉर्टच्या ग्रॅव्हिटीवर लावला, १.०५७ हे प्रमाण धरून. तेव्हापासून... चिठ्ठी आली. दहा मिनिटं. ठीक आहे, ग्लॅडस्टन राहू दे.

पाच कारणं. पटापट घेते, लिहून घ्या.

पहिलं, भरड. घरच्या बहुतेक तक्रारी इथेच संपतात. रोलरमधली फट १ ते १.२ मिलिमीटर ठीक आहे, पण फटीपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. मूठभर भरड पसरा. अख्खा दाणा दिसता कामा नये, टरफलं मात्र शक्यतो साबूत हवीत, नाहीतर स्पार्ज, म्हणजे चोथ्यातली साखर गरम पाण्याने धुवून काढणं, तुंबेल.

दुसरं, रूपांतर. स्टार्चची साखर पूर्ण झाली का? आयोडीनपेक्षा चांगली परीक्षा आहे आणि ती कोणी करत नाही. किलोला ३ लिटर पाणी घेतलंत, तर पूर्ण रूपांतर झालेल्या मॅशमधला पहिला वॉर्ट साधारण १.०८३ भरायला हवा. किलोला ४ लिटर असेल तर १.०६६. हलवा, नमुना घ्या, गार करा, वाचा. आकडा जुळला तर मॅश निर्दोष आहे, साखर तुम्ही चोथ्यात सोडताय. जुळला नाही तर स्पार्ज कितीही करा, जी साखर झालीच नाही ती धुवून कशी निघेल? या मोजणीला वॉर्टचं व्हॉल्यूमसुद्धा लागत नाही, फक्त माल्टचं वजन आणि मॅशमध्ये ओतलेलं पाणी ठाऊक हवं. एवढी एकच गोष्ट घरी नेलीत तरी चालेल.

तिसरं, तापमान आणि पीएच. ६६-६७ अंश, तासभर, गुठळ्या फोडून. पीएच गार नमुन्यात ५.२ ते ५.६. पाण्यात बायकार्बोनेट जास्त आणि माल्ट सगळा फिका असेल तर पीएच वर राहतो, रूपांतर रेंगाळतं.

चौथं, चोथा आणि तळ. एक किलो माल्ट लिटरभर वॉर्ट धरून ठेवतो, थोडा कमीच. नळाखाली अडकलेलं वेगळं. स्पार्ज सावकाश करा आणि निघणारा वॉर्ट १.०१० च्या खाली गेला की थांबा. त्यापुढे पीएच चढतो आणि टरफलांचा तुरटपणा उतरतो. दोन टक्के जास्त मिळवायला हा व्यवहार मला परवडत नाही. पाच किलोच्या मॅशमध्ये पंचाहत्तरचे ऐंशी केले तर वाचतो तीनशे ग्रॅम माल्ट. तीनशे ग्रॅम!

पाचवं, मोठी, म्हणजे जास्त ग्रॅव्हिटीची, बिअर. १.०८० ची करताना माल्ट जास्त आणि त्यामानाने धुवायला पाणी कमी, एफिशियन्सी पडणारच. तिचा हिशोब वेगळ्या वहीत. रोजच्या बिअरचा आकडा तिला लावलात की ग्रॅव्हिटी हुकलीच.

माझ्यापुरतं विचाराल तर दर वेळी बहात्तर येणारा माणूस मला सत्तर ते पंच्याऐंशी उड्या मारणाऱ्यापेक्षा चांगला ब्रूअर वाटतो. बहात्तरवाला रेसिपी लिहितानाच माल्ट थोडा वाढवतो आणि ग्रॅव्हिटी गाठतो.

आणि तरीही हुकली तर? उकळीआधीच गुणाकार करा, तेव्हा सगळे रस्ते उघडे असतात. २३ लिटरला ५ पॉइंट कमी पडतायत, म्हणजे ११५ पॉइंट. कोरडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे वाळवलेल्या वॉर्टची पूड, किलोमागे ३७० च्या आसपास देतो, तेव्हा ३१० ग्रॅम. उलट ५० ऐवजी ५६ आली, तर २३ गुणिले ५६ भागिले ५०, पावणेसव्वीस लिटर. पावणेतीन लिटर पाणी घाला, फर्मेंटरमध्ये जागा आहे ना ते आधी बघून. जास्त वेळ उकळून ग्रॅव्हिटी चढवायची असेल तर तो जादा वेळ हॉप्स टाकायच्या आधी काढा, कारण कडवटपणाचे हॉप्स साठ मिनिटांऐवजी नव्वद उकळले तर ग्रॅव्हिटी बरोबर येईल आणि बिअर तुम्ही लिहिली होती त्यापेक्षा कडू. अध्यक्ष उभे राहिलेत. प्रश्न बाहेर घेते, पण विचारायला येताना केटलच्या रेघा कधी तपासल्या ते आधी सांगा.